खाडी, डोंगर आणि सायकलची शांत वाट

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत राहून सायकल बाळगणाऱ्या माणसाला रविवारी पहाटे एकच प्रश्न पडतो : जायचे कुठे? घराबाहेर पडले की घोडबंदर रस्ता, मुंबई-नाशिक महामार्ग, कल्याण-शीळ रस्ता किंवा मुंब्र्याचा वळणरस्ता यांपैकी काहीतरी समोर उभे राहते, आणि या सर्व रस्त्यांवर कंटेनर आणि ट्रक यांचेच राज्य असते. एकेकाळी याच शहरांतील चाकरमानी मंडळी सायकलवरून स्थानक गाठत, स्थानकाबाहेरील सायकल स्टँडवर ती लावून लोकल पकडत. आज सायकल पुन्हा घरोघरी आली आहे, तीही गिअरची आणि महागडी. पण तिला निर्धास्तपणे चालवता येईल असा रस्ता मात्र शोधावा लागतो. तो कसा शोधावा, आणि सापडलेले रस्ते टिकतील काय, हा या लेखाचा विषय आहे.

रस्ता शांत का राहतो?

वर्दळ कमी असलेला रस्ता नशिबाने मिळत नाही. त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते. पहिले कारण म्हणजे रस्ता पुढे कुठेच जात नाही. समोर खाडी, समुद्र, धरण किंवा जंगल येते आणि रस्ता संपतो. त्यामुळे त्यावरून जाणारे वाहन तेथल्याच गावाचे किंवा तेथे येणाऱ्या पाहुण्याचे असते. दुसरे कारण म्हणजे त्याच दिशेने जाणारा अधिक रुंद आणि सरळ रस्ता जवळच असतो; अवजड वाहने तिकडे वळतात आणि जुना, वळणावळणाचा रस्ता गावकऱ्यांपुरता उरतो. तिसरे कारण वेळेचे. दुपारी गजबजणारा रस्ता सकाळी सहा वाजता निवांत असू शकतो.

मात्र हा तिसरा नियम आपल्याकडे सरसकट लागू पडत नाही. ठाणे परिसरात अवजड वाहनांना दिवसा गर्दीच्या वेळी बंदी असते. परिणामी ती रात्री आणि पहाटे धावतात. पहाटेचा घोडबंदर रस्ता मोटारींपासून मोकळा दिसतो. पण त्या मोकळेपणात रात्रभर चाललेल्या चालकांचे ट्रक वेगाने येत असतात. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेल्या सायकलशेजारून ६० ते ७० च्या वेगाने कंटेनर गेला, तर हवेचा झोत सायकलला आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. त्या क्षणी डावीकडे खडी किंवा खड्डा असला, तर सावरायला जागा उरत नाही. म्हणून 'पहाट म्हणजे सुरक्षित' हे समीकरण महामार्गावर धोक्याचे आहे.

भूगोलाची देणगी

घोडबंदर रस्त्याची कोंडी ही मुळात भूगोलाने केलेली कोंडी आहे. एका बाजूला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी. गायमुखापाशी या दोघांमधील पट्टी इतकी अरुंद होते, की जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने आणि ठाणेकरांच्या मोटारी त्याच चिंचोळ्या घाटात अडकतात. परंतु ज्या डोंगराने आणि खाडीने ही कोंडी केली, त्यांनीच बाजूचे काही रस्ते शांत राखले आहेत.

येऊरचा रस्ता हे त्याचे घरचे उदाहरण. उपवन तलावाच्या बाजूने चढणारा हा रस्ता वनखात्याच्या नाक्यातून जंगलात शिरतो आणि पाटोणपाड्यासारख्या आदिवासी पाड्यांच्या आणि वायुदलाच्या तळाच्या परिसरात संपतो. पुढे वाट नाही, म्हणून ट्रक नाहीत. अंतर काही किलोमीटरचेच. पण चढ सलग असल्याने छातीचा भाता चांगलाच हलतो. नवशिक्याने येथे हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच लावावा. चढावर जोर पडलेला असताना गिअर बदलल्यास साखळी निसटते. उतरताना मात्र उत्साहाला आवर घालावा. ओल्या पाचोळ्यावर ब्रेक लागत नाहीत, आणि हे जंगल बिबट्याचे घर आहे. अंधारात येथे जाऊ नये, थांबून खाऊ नये, खाद्यपदार्थांचे वेष्टन टाकू नये. शनिवार-रविवारी हॉटेले आणि बंगल्यांकडे येणाऱ्या मोटारींची रीघ लागते, तेव्हा आठवड्यातील इतर दिवसांची सकाळ उत्तम.

समुद्र कुठे राहिला?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा बहुतेक सागरकिनारा त्याच्याकडे गेला. ठाण्याच्या वाट्याला खुला समुद्र उरला तो मुख्यत्वे उत्तन परिसरात. भाईंदर पश्चिमेकडून राई, मुर्धा, मोर्वा ही गावे ओलांडून डोंगरी आणि पुढे उत्तनला जाणारा रस्ता साधारण आठ-नऊ किलोमीटरचा आहे. आरंभी मिठागरांचा सपाट प्रदेश, मग लहानसा चढ आणि नंतर एकदम कोळीवाडा. बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, चर्चचे मनोरे आणि चौक येथील धारावी किल्ल्याचे अवशेष. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत हे धारावी बेट मराठ्यांच्या आणि पोर्तुगीजांच्या झुंजीचे एक ठाणे होते. आज तेथे चिमाजी अप्पांचा पुतळा उभा आहे. उत्तनहून गोराईकडे आणि मनोरीकडे जाता येते, तेथून बोरिवलीला किंवा मार्वेला होडीने सायकलसह पलीकडे उतरता येते. या फेरीत परतीचा रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

येथे वाऱ्याचे गणितही लक्षात घ्यावे. पावसाळा वगळता पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो आणि दुपारच्या सुमारास तो समुद्राकडून जमिनीकडे वळतो. म्हणजे सकाळी लवकर किनाऱ्याकडे निघालेल्या माणसाला जाताना आणि उशिरा परतताना वारा पाठीशी मिळतो. उलट क्रमाने जाणाऱ्याची दोन्ही वेळा दमछाक होते.

खाडीपलीकडचा वसईचा पट्टा हा दुसऱ्या कारणाने शांत राहिलेल्या रस्त्याचा नमुना. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि महामार्गावरील वळसा टळला. वसई किल्ल्यापासून गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी करत अर्नाळ्यापर्यंत पंधरा-वीस किलोमीटरचा वाडीचा रस्ता आहे. केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, विहिरी, कौलारू घरे. वसई-विरारची मुख्य वाहतूक रेल्वेच्या बाजूच्या रस्त्यांनी आणि महामार्गाने जाते, म्हणून हा जुना रस्ता गावाचाच राहिला. डोंबिवलीकरांना वसईला पोहोचण्यासाठी दिवा-वसई रेल्वेमार्ग आहे. त्याला समांतर असलेल्या भिवंडी-चिंचोटी रस्त्यावर मात्र अवजड वाहने आणि खड्डे दोन्ही मुबलक, तेव्हा तेथे सायकल नेण्याचे धाडस करू नये.

कल्याणच्या पुढे

कल्याण-डोंबिवलीकरांना समुद्र दूर, पण डोंगर जवळ. बदलापूरहून बारवी धरणाकडे आणि पुढे मुरबाडकडे जाणारा रस्ता या पट्ट्यातील सर्वात देखणा म्हणावा लागेल. बारवी ही उल्हास नदीची उपनदी, आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाचे पाणी कल्याण-डोंबिवलीसह अनेक शहरे पितात. म्हणजे आपल्याच नळाचे पाणी जेथून येते तेथवर आपण पायडल मारत जातो. रस्ता जंगलातून आणि चढउतारांतून जातो. मुरबाडकडे जाणाऱ्या ट्रकना कल्याण-मुरबाड महामार्ग सोयीचा असल्याने ते इकडे क्वचित फिरकतात. मुरबाडला पोहोचल्यावर मात्र महामार्गाने परतून वर्तुळ पूर्ण करण्याचा मोह टाळावा आणि आलेल्या वाटेनेच मागे फिरावे.

ज्यांना कमी अंतर हवे त्यांनी गोवेलीमार्गे टिटवाळा गाठावा. गणपतीच्या देवळामुळे मंगळवारी आणि विशेषतः अंगारकीला येथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी सकाळ शांत असते. नेवाळीपासून मलंगगडाच्या पायथ्याकडे जाणारा रस्ताही गडाशी जाऊन थांबतो. पण नेवाळीपर्यंतचा कल्याण पूर्वेचा भाग गजबजलेला असल्याने तो उजाडताच पार करावा. बदलापूरजवळचे कोंडेश्वर पावसाळ्यात मोहक दिसते. परंतु तेथील डोहांत अनेकांचे जीव गेले आहेत आणि पावसाळी पर्यटनावर प्रशासन वेळोवेळी बंदी घालते. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

काही पथ्ये

जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तर मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास. हिवाळ्यात सहाला निघणारा माणूस तासभर अंधारात असतो, याचे भान ठेवून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा. शिरस्त्राण, पंक्चर काढण्याचे साहित्य, एक जास्तीची ट्यूब आणि पाणी सोबत असावे. गटाने जाताना एकामागोमाग एक चालावे.

आणखी एक पथ्य शिष्टाचाराचे. हे रस्ते आपल्यासाठी शांत राखलेले नाहीत; ते कुणाच्या तरी अंगणातून जातात. उत्तनला रविवारी सकाळी लोक कुटुंबासह प्रार्थनेला पायी निघालेले असतात, कोळीवाड्यात रस्त्याच्या कडेला मासळी वाळत असते, बारवीच्या वाटेवर शाळेची मुले आणि गुरे चालत असतात. मोटारीने आपल्याला जी वागणूक द्यावी असे आपल्याला वाटते, तीच आपण पादचाऱ्याला द्यायला हवी.

शांतता किती दिवसांची?

खरी चिंता पुढेच आहे. ज्या अडथळ्यांमुळे हे रस्ते शांत राहिले, ते अडथळे आता दूर होत आहेत. डोंबिवलीचे मोठागाव हे खाडीकाठी संपणारे टोक होते; मोठागाव-माणकोली पुलामुळे ते आता भिवंडीकडे जाण्याचे दार झाले आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याच्या कामाचा शुभारंभ १३ जुलै २०२४ रोजी झाला. बाळकुम ते गायमुख असा सुमारे १३ किलोमीटरचा खाडीकिनारा मार्ग हाती घेण्यात आला आहे. बदलापूरच्या बाजूला वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा फाटा भोज-मोरबे बोगद्यातून जातो. उत्तनजवळ डोंगरी येथे मेट्रोच्या कारशेडवरून वृक्षतोडीचा वाद पेटला आहे.

हे प्रकल्प नकोत, असे म्हणणे सोपे असले तरी प्रामाणिक नाही. गायमुखाच्या घाटात दोन तास अडकलेल्या रुग्णवाहिकेला बोगदा हवाच असतो. प्रश्न एवढाच की, नवा रस्ता आखताना सायकलसाठी वेगळी पट्टी कागदावर तरी असते काय? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला महत्त्व द्यावे आणि सायकलला जागा द्यावी, असे सांगितले होते. भारतीय रस्ते परिषदेची सायकलमार्गांची मानके तर १९६२ पासून आहेत आणि २०१५ साली ती सुधारली गेली. नियम आहेत, पण ते पाळले जावेत असा आग्रह धरणारे नागरिक थोडे आहेत. रस्ता बांधून झाल्यावर पट्टी मागणे म्हणजे घर बांधून झाल्यावर जिना मागण्यासारखे आहे.

तोवर, उद्या सकाळी या वाटांवर जाऊन यावे. जे रस्ते कुणी वापरत नाही असे दिसते, त्यांची बाजू आराखड्यांवरील हरकती-सूचनांच्या वेळी कुणीच मांडत नाही. सायकलस्वारांची नियमित ये-जा हाच त्या बाजूचा पहिला पुरावा ठरेल.