कुत्र्याचे अन्न : घरचे की पिशवीतले ?

चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार सर्वश्रुतच आहे. त्या बाजाराभोवतालची निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खालुंब्रे ही गावे आज कारखान्यांनी वेढली गेली असली, तरी कांदाचाळी, गोठे व शेतावरील वस्त्या अद्याप नाहीशा झालेल्या नाहीत. आणि वस्ती तेथे कुत्रा हा नियमही मोडलेला नाही. बदल झाला आहे तो त्या कुत्र्याच्या ताटलीत. पूर्वी घरधनीण भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवीत असे. आता भोसरी, मोशी, चिखलीच्या दुकानांतून रंगीत पिशव्यांतील तयार खाद्य मिळते, आणि कारखान्यात नोकरीस जाणाऱ्या मुलाने हौसेने आणलेल्या लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पिल्लाबरोबर ती पिशवीही वस्तीवर येऊन पोहोचते. साहजिकच या दोहोंपैकी बरे कोणते, अशी विचारणा पशुवैद्यकीय दवाखान्यात व ग्रामकार्यकर्त्यांकडे वारंवार होत असते.

उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्यास ‘घरचे अन्न’ म्हणतो ते बहुधा कुत्र्यासाठी शिजविलेले अन्न नसते; ते आपल्या ताटातील उरलेसुरले असते. चैत्रात गावोगावी यात्रा भरतात. मटणाच्या रश्श्याचे पातेले खरवडून, त्यात शिळ्या भाकरी मोडून, ते मोठ्या प्रेमाने कुत्र्यास घातले जाते. दोनचार दिवसांनी कुत्रा सुस्त पडतो, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. घरची मंडळी सर्पदंशाचा, नाहीतर विषप्रयोगाचा संशय घेतात. परंतु दोष असतो त्या रश्श्याच्या वाटणातील कांद्याचा.

कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. कांदा शिजविला, तळला अथवा वाळवून पूड केली तरी हा गुण जात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा विषारी ठरण्यास पुरेसा होतो. म्हणजे २० किलो वजनाच्या कुत्र्यास सुमारे १०० ग्रॅम, बाजारातील एक मध्यम कांदा. रोज थोडाथोडा पोटात गेल्यानेही अपाय होतो. लसूण त्याच कुळातला. द्राक्षे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होतात आणि चॉकलेटही विषारीच आहे. चाकणसारख्या कांद्याच्या गावात ही माहिती घरोघर पोहोचलेली नसावी याचे नवल वाटते. मात्र अशीच लक्षणे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही दिसतात. यास्तव घरी तर्क न करता कुत्र्यास तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे व त्याने काय खाल्ले होते ते न लपविता सांगावे.

शिजलेली हाडे ठिसूळ होऊन आतड्यास टोचतात, म्हणून तीही वर्ज्य समजावीत. बोकड किंवा मेंढी कापल्यावर कच्चे काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची रीत तर माणसांच्याच जिवावर बेतणारी आहे. या अवयवांतील पाण्याच्या गाठींत एका फीतकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती हातांवाटे वा भाजीवाटे माणसाच्या पोटात जाऊन त्याच्या यकृतात तशाच गाठी धरतात. असे अवयव खोल पुरावेत.

उरलेसुरले बाजूस ठेवून कुत्र्यासाठी निराळे शिजविले, तर घरचे अन्न निश्चितच चांगले असते. कुत्रा हा केवळ मांसावर जगणारा प्राणी नव्हे. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने त्यास पिठूळ पदार्थ पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक आली आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात आढळून आले. आपली भाकरी त्यास मानवते ती यामुळेच. २० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी बाजरी, ज्वारी वा तांदूळ कोरडे १५० ग्रॅम, हाडे काढलेले कोंबडीचे मांस १५० ग्रॅम, एक किंवा दोन अंडी, मूठभर भोपळा अथवा गाजर, थोडे दही व चमचाभर तेल इतके पुरते. सर्व नीट शिजवावे. मसाला घालू नये. मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, फारच थोडा असतो. म्हणून अंड्यांची टरफले उकळून, वाळवून, वस्त्रगाळ पूड करावी व रोज अर्धा चहाचा चमचा घालावी. आळंदी-देहूच्या परिसरात माळकरी घरे पुष्कळ आहेत. तेथे मांस-अंड्यांऐवजी दही, पनीर, शिजविलेली डाळ व सोयाबीन यांवर प्रौढ कुत्रा पोसता येतो; चुन्यासाठी पशुवैद्यकाकडून पूड घ्यावी.

एवढे करूनही जस्त, तांबे, आयोडीन व काही जीवनसत्त्वे कमी पडू शकतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ साली घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या असता त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक अपुरा निघाला. तेव्हा कायम घरचेच घालावयाचे असल्यास खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण पशुवैद्यकास विचारून जोडावे.

तयार खाद्याची सोय खरी आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या घरात रोज वेगळी चूल कोण पेटविणार ? वाढत्या पिल्लासाठी, विशेषतः मोठ्या जातीच्या, मी स्वतः पिशवीच सुचवीन; कारण त्याच्या हाडांना चुना कमी पडूनही चालत नाही आणि हौसेने अधिक घालूनही चालत नाही. पिशवीवरील चित्र न पाहता मागील मजकूर वाचावा. ते ‘संपूर्ण आहार’ आहे की केवळ पूरक, पिल्लासाठी की प्रौढासाठी, प्रथिने किती (कोरड्या वजनावर प्रौढास किमान १८ टक्के, पिल्लास २२.५ टक्के) आणि तारीख कोणती, एवढे पाहिले तरी पुरे. पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य स्वस्त म्हणून घेऊ नये. त्यास ना तारीख असते ना हवाबंद आवरण, आणि मावळाकडून येणाऱ्या पावसाळी हवेत त्यास बुरशी धरण्यास वेळ लागत नाही.

बुरशीची ही भीती अनाठायी नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थान सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा जिल्ह्यांत बुरशीचा मका खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे यकृतविकाराने दगावली. त्याच खेड्यांतील कुत्र्यांनाही कावीळ व जलोदर झाला होता. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत कारखान्यात तयार झालेल्या खाद्यातील याच विषाने शंभरावर कुत्री मेल्याच्या तक्रारी तेथील सरकारी खात्याकडे नोंदल्या गेल्या. म्हणजे बुरशी घर व कारखाना असा भेद करीत नाही. ‘माणसांस चालत नाही, कुत्र्यास घालू’ म्हणून काळा पडलेला मका वा शेंगदाणे त्यास मुळीच घालू नयेत. पिशवी उघडल्यावर तिचे तोंड घट्ट दुमडून ती डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावी व महिना-दीड महिन्यात संपवावी.

एका अन्नावरून दुसऱ्यावर जाताना आठवडाभर दोन्ही मिसळून प्रमाण हळूहळू बदलावे, नाहीतर हगवण लागते. पाणी मात्र सदैव समोर असावे. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी खाऊ घालून ताटली उचलावी आणि खेड-जुन्नरकडील वस्त्यांवर तर ती रात्री अंगणात मुळीच राहू देऊ नये. उष्ट्यापाठोपाठ भटकी कुत्री येतात व त्यांच्या मागावर बिबट्या येतो.