पडद्यावरच्या अंकांची पत

वाङ्मयीन नियतकालिक चालवणे हा पहिल्यापासूनच आतबट्ट्याचा व्यवहार. प्रती काहीशे, वर्गणीदार जेमतेम, जाहिराती त्याहून कमी, आणि हाती उरेल तेवढे टपालखर्चात जायचे. मुंबईत १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी काढलेले ‘शब्द’ चक्रमुद्रित होते, ते काही हौस म्हणून नव्हे. मराठी कथा-कवितेला वळण देणारी ‘सत्यकथा’सुद्धा १९८२ मध्ये बंद पडली. इंटरनेटने कागद, छपाई आणि टपाल हे तिन्ही खर्च एका फटक्यात बाजूला केले, तेव्हा या व्यवहारातले लोक तिकडे वळणार हे उघड होते. पण खर्च वाचला म्हणजे पत मिळाली असे होत नाही. ती मिळायला निदान १५ वर्षे जावी लागली.

अमेरिकेत ‘मिसिसिपी रिव्ह्यू’ने १९९५ मध्येच आपली वेब-आवृत्ती सुरू केली होती. मात्र निव्वळ पडद्यावर जगलेल्या अंकांत ज्याचे नाव आधी घ्यावे लागते, ते ऑस्ट्रेलियातले ‘जॅकेट’. कवी जॉन ट्रँटर यांनी ते ऑक्टोबर १९९७ मध्ये सिडनीतून सुरू केले. वाचकाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले. संपादन, अक्षरजुळणी आणि पानांची बांधणी यांचा बहुतेक भार स्वतः ट्रँटर यांनीच उचलला. छापील अंकात कवितांना मोजकी पाने मिळतात आणि समीक्षेची तर कायमच काटछाट होते. इथे पानांचा हिशेबच नव्हता. एखाद्या कवीवर लिहायचे तर लांबलचक मुलाखत, छायाचित्रे, जुनी परीक्षणे, सहकाऱ्यांच्या आठवणी असा अख्खा विभाग उभा राहायचा. पुढचा अंक तयार होत असतानाच त्यातले लेख वाचायला मिळायचे. न्यूयॉर्कच्या कवीला सिडनीचा अंक त्याच दिवशी वाचता येऊ लागला, आणि कवितेच्या जगातले मध्यवर्ती ठिकाण कोणते, हा प्रश्नच थोडा बदलला.

तरीही ‘ऑनलाइन छापून आले’ असे सांगताना लेखक बरीच वर्षे ओशाळत असत. हा अविश्वास अगदीच निराधार नव्हता. छापील अंकाला जागा कमी आणि खर्च जास्त, म्हणून संपादकाला निवड करावीच लागते. ‘साभार परत’ची चिठ्ठी ही त्या टंचाईचीच निपज. पडद्यावर टंचाई नाही, तेव्हा नकार कोण देणार, अशी शंका होती. तिला उत्तर दिले ते संपादकांनी, तंत्रज्ञानाने नव्हे. जागा अमर्याद असतानाही ज्यांनी मोजकेच घेतले, आलेला मजकूर लेखकाकडून पुन्हा लिहवून घेतला आणि अंकाची तारीख पाळली, त्यांचीच नावे टिकली.

बाहेरची मान्यता सर्वांत आधी विज्ञानकथेकडून आली. साय-फाय वाहिनीच्या संकेतस्थळावर एलन डॅटलो यांनी संपादित केलेल्या ‘साय फिक्शन’मधील लिंडा नगाटा यांच्या ‘गॉडेसेस’ या लघुकादंबरीला २००० सालासाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. फक्त ऑनलाइन प्रसिद्ध झालेल्या लेखनाला तो प्रथमच मिळत होता. मुख्य प्रवाहातील साहित्याने आणखी वेळ घेतला. ‘स्टोरीसाउथ’ या ऑनलाइन अंकाने २००३ मध्ये केवळ ऑनलाइन कथांसाठी ‘मिलियन रायटर्स’ पुरस्कार सुरू केला, २००६ पासून ‘बेस्ट ऑफ द नेट’ हे वार्षिक संकलन निघू लागले. विज्ञानकथेत तर २०१६ चा लघुकथेचा ह्यूगो पुरस्कार नाओमी क्रिट्झर यांच्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’मधील कथेला मिळाला, तेव्हा ती ऑनलाइन अंकातली आहे याचे कोणाला नवल वाटले नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपले नामवंत ‘ट्रायक्वार्टर्ली’ २०१० मध्ये कागदावरून उचलून पूर्णपणे पडद्यावर नेले आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले. साहित्यिकांत बरीच ओरड झाली. ही काटकसर आहे, प्रगती नव्हे, असा आक्षेप होता आणि त्यात तथ्य होते. अंक मात्र चालू राहिला.

अनुवादाच्या क्षेत्रात कागदाला जे जमले नव्हते ते या अंकांनी केले. ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’ २००३ मध्ये सुरू झाले, ‘असिम्टोट’ २०११ मध्ये. ‘असिम्टोट’मध्ये अनुवादाशेजारी मूळ भाषेतला मजकूर वाचता येतो, कित्येकदा लेखकाच्या आवाजात ऐकताही येतो. या अंकाला २०१५ मध्ये लंडन पुस्तक मेळाव्यात अनुवाद-उपक्रमासाठीचा पुरस्कार मिळाला. छापील अंकाने असा मूळ मजकूर शेजारी द्यायचा म्हटले तर पाने दुप्पट लागतील.

मराठीची अडचण वेगळी होती. युनिकोड सर्वसाधारण संगणकांवर रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ‘शिवाजी’, ‘श्रीलिपी’ अशा फाँटांत बंदिस्त असे. वाचकाच्या संगणकावर तोच फाँट नसला की कवितेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसायची. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले ते याच काळात. परदेशस्थ मराठी माणसांना त्याची गरज अधिक होती. बोटीने पाठवलेला दिवाळी अंक हाती पडेपर्यंत संक्रांत उजाडायची. साहजिकच मराठीत ऑनलाइन अंकाने पहिले रूप घेतले ते दिवाळी अंकाचे, म्हणजे १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने घालून दिलेल्या परंपरेचे. मायबोलीपाठोपाठ इतरांनी आणि पुढे ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळाने असे अंक काढले. एखादा विषय धरून त्यावर दीर्घ लेख आणि मुलाखती मिळवण्याची ‘ऐसी’ची पद्धत अनेक छापील अंकांना लाजवणारी आहे. पुण्यातून २०१७ पासून निघणारे ‘हाकारा’ हे मराठी-इंग्रजी द्वैभाषिक नियतकालिक आणखी पुढे जाते: प्रत्येक अंकाला एक संकल्पना, आणि तिच्याभोवती कविता, निबंध, चित्रे, दृक्‌श्राव्य काम. प्राध्यापकांना हवा असणारा आयएसएसएन क्रमांक ऑनलाइन अंकालाही मिळू शकतो, त्यामुळे ऑनलाइन अंकात न लिहिण्याची ती सबब आता उरलेली नाही. तरी आपल्याकडच्या पुरस्कार समित्यांची नजर अजून टेबलावरच्या छापील गठ्ठ्यावरच असते.

पैशाचा प्रश्न मात्र जगभर सारखाच राहिला आहे. वाचन मोफत असले की मानधन देणगीवर, अनुदानावर किंवा संपादकाच्या खिशावर अवलंबून राहते. जे अंक बरे मानधन देतात त्यांच्यापुढे वेगळेच संकट उभे राहते. शब्दामागे पैसे मोजणाऱ्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’कडे फेब्रुवारी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या कथांचा असा पूर आला, की संपादक नील क्लार्क यांना कथा स्वीकारणेच काही काळ थांबवावे लागले. कथा ओळखू येत होत्या, त्या नाकारणेही अवघड नव्हते. पण शेकडो कथा चाळण्यात माणसांचा वेळ जात होता. ज्या नकारावर या अंकांनी पत कमावली, तो नकार देणेच महाग होऊ लागले.

त्याहून जुने दुखणे टिकण्याचे. ‘साय फिक्शन’ २००५ अखेर बंद झाले आणि पुढे त्यातल्या कथांचा संग्रहही संकेतस्थळावरून काढला गेला. पुरस्कारांनी त्याला वाचवले नाही. ‘जॅकेट’चे नशीब बरे. चाळीस अंकांनंतर ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने दत्तक घेतले, २०११ पासून ‘जॅकेट२’ या नावाने चालवले आणि जुने अंकही सांभाळले. मराठी अंकांमागे अशी संस्था क्वचितच असते. चालकांपैकी कोणीतरी दरवर्षी सर्व्हरचे भाडे भरतो, म्हणून ते दिसतात. छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक केले आहे. केवळ पडद्यावर निघणारा अंक या कायद्याच्या कक्षेत येत नाही.