थांब्यांची निवड, कॅरव्हॅन पर्यटनातील

झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या मोटारवाहनातून प्रवास करताना प्रेक्षणीय स्थळे व मुक्कामाच्या जागा ठरविण्याची पद्धत. अशा वाहनास महाराष्ट्रात सामान्यतः कॅरव्हॅन म्हणतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. घरच बरोबर असल्याने वाटेल तेथे थांबता येईल, असा समज असतो. परंतु वाहनाची उंची व लांबी, सपाट जागेची गरज, पाणी भरण्याची व सांडपाणी सोडण्याची व्यवस्था यांमुळे सोयीच्या जागा मोजक्याच उरतात. म्हणून स्थळाच्या ख्यातीपेक्षा ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी पहावयाचे, यावरून मुक्काम ठरविणे इष्ट असते. नाशिक परिसर हे याचे चांगले उदाहरण होय.

नाशिकच्या अशोक स्तंभापासून पश्चिमेस जाणारा गंगापूर रोड आनंदवल्ली, सोमेश्वर व गंगापूर या गावांवरून गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या बाजूस जातो. सोमेश्वराचे मंदिर व जवळचा धबधबा यांस तास-दोन तास पुरतात. धबधब्याला जोर येतो तो पावसाळ्यात व धरणातून पाणी सोडल्यावर. नेमके त्याच वेळी पात्रातील खडकांवर उतरणे जिवावर बेतू शकते. याच बाजूच्या द्राक्षमळ्यांत सुला व्हिनयार्ड्‌स हे केंद्र असून त्याची वाइन २००० मध्ये प्रथम बाजारात आली. येथील भेट दिवसाच्या अखेरीस ठेवावी व मुक्काम याच भागात करावा, कारण वाइनची चव घेतलेल्या व्यक्तीने त्या रात्री वाहन चालविणे योग्य नव्हे. धरणाच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. अशा निवासस्थानाच्या किंवा खाजगी मळ्याच्या आवारात वाहन लावण्यापूर्वी पाणी, वीज व सांडपाणी यांविषयी आगाऊ विचारणा करणे आवश्यक असते. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. गंगापूर धरण हा नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रमुख स्रोत आहे. वाहनातील मैलापाण्याची टाकी काठावरील ओढ्यात रिकामी केल्यास ते पाणी शहराच्या पुरवठ्यात जाऊ शकते. मैलापाणी सोडण्याची सोय नसलेली जागा कितीही रम्य असली, तरी एका रात्रीपेक्षा अधिक मुक्कामास ती अयोग्यच ठरते.

पंचवटीतील काळाराम मंदिराच्या परिसरातील गल्ल्या अरुंद असल्याने वाहन मुक्कामीच ठेवून रिक्षाने जावे. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी ही २४ लेणी दिवसा, शक्यतो सकाळच्या उन्हात, पहावीत. त्र्यंबकेश्वर सु. २८ किमी. वर आहे, पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथ यात्रेत त्या रस्त्यावर दिंड्या पायी चालतात, तर श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी लोटणाऱ्या गर्दीत मोठ्या वाहनाला जागाच उरत नाही. सप्तशृंग गडाचा घाट वळणांचा असल्याने वाहन नांदुरीस ठेवून एस. टी. बसने वर जाणे सुरक्षित असते.

याच्या उलट, निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य हे कॅरव्हॅनचा खरा उपयोग दाखविणारे स्थळ आहे. गोदावरी-कादवा संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळ जागेस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. पक्षी पहाटे अधिक दिसतात आणि गंगापूर रोडवरून निघाल्यास संपूर्ण शहर ओलांडून पूर्वेकडे जावे लागते. म्हणून आदल्या संध्याकाळीच अभयारण्याच्या हद्दीबाहेर येऊन थांबणे फायद्याचे ठरते. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, द्राक्षांचा तोडणीहंगाम साधारणतः जानेवारी ते मार्च असा असतो आणि सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात भरतो. साहजिकच ही तिन्ही आकर्षणे एकाच सहलीत गाठता येत नाहीत. पक्षी व द्राक्षे यांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत दोन मुक्काम करावेत, एक गंगापूर धरणाच्या बाजूस व दुसरा निफाडकडे. धबधब्यासाठी पावसाळ्यात एक दिवस वेगळा काढावा, त्यास कॅरव्हॅनची गरज नसते.