पाण्यावरचे आसन : विसर्जनाचा तराफा आणि त्याचे शास्त्र

सागरावर सेतू बांधताना नलाच्या हातच्या शिळा तरंगल्या, ही कथा आपल्या घराघरांत लहानथोरांना ठाऊक आहे. देहूच्या इंद्रायणीत बुडविलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली, हेही भाविकांच्या हृदयावर कोरलेले आहे. जे पाण्यावर तरते ते आपणांस तारते, अशी आपली पूर्वापार श्रद्धा आहे. श्रीगजाननाला निरोप देण्याच्या दिवशी या श्रद्धेला थोडी शास्त्राची जोड द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू होय.

पवना, मुळा आणि इंद्रायणी यांच्या काठी पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वसली आहे. चाकणच्या बाजूस भामा आणि भीमा वाहतात. चिंचवडला पवनेच्या तीरी मोरया गोसावींची समाधी आहे आणि धरणातून विसर्ग वाढला की नदीचे पाणी त्या मंदिरात येते. भाद्रपदात नद्या अशा भरलेल्या असतात. त्यातच कारखान्यांच्या निमित्ताने परगावाहून येथे आलेल्या अनेकांस या पात्रांतील डोह आणि गाळ परिचयाचे नसतात. ६ सप्टेंबर २०२५ रोजी, अनंत चतुर्दशीला, वाकी खुर्द येथे भामेत आणि शेलपिंपळगाव येथे भीमेत विसर्जनासाठी गेलेले भाविक वाहून गेले. ज्या घरांतून सकाळी आरतीचे स्वर उमटले, त्या घरांवर सायंकाळी आकांताची वेळ आली. विघ्नहर्त्याच्या निरोपात असे विघ्न का यावे?

संकट बहुधा काठ आणि खोल पाणी यांच्या मधल्या चार पावलांत असते. मूर्ती हाती धरून माणूस पुढे सरकतो आणि पायाखालची जमीन अकस्मात संपते. ही चार पावले टाळण्यासाठी तराफा असतो. पूर्वी रिकामी पिंपे आणि बांबू दोरांनी आवळून तो बांधीत. परंतु लोखंड गंजते, भिजलेला दोर सैल होतो आणि एखादे पीप निसटले की सारा तोल जातो. आता त्याच कामासाठी प्लास्टिकचे पोकळ ठोकळे मिळतात.

हा ठोकळा साधारणतः ५० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. मोटारींच्या इंधनटाक्या ज्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात, त्याच जातीच्या पॉलिएथिलीनचा तो बनतो. तापवून मऊ केलेली नळी साच्यात धरून तिच्यात हवा फुंकली की तो आकारास येतो. उद्योगपट्ट्यातील कामगारबंधूंना ही क्रिया नवी नाही. त्याच्या चार कोपऱ्यांवरील कान चार निरनिराळ्या उंचींवर असतात. चार ठोकळे जवळ आणले की हे कान एकावर एक बसतात आणि त्यांतून एक जाड खुंटी घालून ती फिरवली की सांधा पक्का होतो. एखादा ठोकळा फुटला तरी शेजारचे त्याचा भार सांभाळतात.

आता थोडा हिशेब पाहू. प्रत्येक ठोकळा सुमारे ९० किलो भार पेलतो. चार मीटर लांब आणि तितक्याच रुंद तराफ्यास ६४ ठोकळे लागतात. म्हणजे सुमारे ५,७६० किलो. परंतु एवढा भार घातला तर तराफा पाण्याच्या पातळीस टेकेल. म्हणून सुज्ञांनी निम्म्याहून कमीच भार धरावा. पाचशे किलोची मूर्ती आणि दहा माणसे मिळून बाराशे किलो होतात. एवढे त्यावर सहज राहते.

खरा धोका आकड्यांत नाही, तोलात आहे. निरोपाच्या क्षणी सर्वजण एकाच कडेला धावतात आणि ती कड खचते. मूर्ती पाण्यात उतरली की भार एकाएकी नाहीसा होऊन तीच कड उसळते. म्हणून मूर्ती मध्यभागी बसवावी, विसर्जनसमयी चौघांनीच पुढे व्हावे, इतरांनी विरुद्ध बाजूस उभे राहावे.

काठाशी असलेला सांधाही महत्त्वाचा आहे. तराफा पाण्याबरोबर वरखाली होतो, काठ मात्र स्थिर राहतो. म्हणून दोहोंना जोडणारी फळी बिजागरीची हवी. २०२५ मध्ये मुंबईत लालबागच्या राजासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता, तरी भरतीच्या पाण्यामुळे मूर्ती त्यावर चढविणे अडले आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी रात्री झाले. साधन कितीही उत्तम असो, पाण्याची वेळ पाळावीच लागते. त्याच वर्षी प्रयागच्या महाकुंभात ३० तरंगते पूल उभारले होते. ते लोखंडी पिपांचे होते. तथापि अनेक पोकळ भांडी जोडून भार वाटून घेण्याचे तत्त्व तेच.

प्लास्टिक नदीत नको, असे कोणी म्हणेल, तर ते योग्यच आहे. म्हणून उत्सव संपताच ठोकळे सोडवून, धुऊन, रचून ठेवावेत. तेच पुढील वर्षी कामी येतात. घरगुती मूर्तींसाठी हौदच उत्तम. नदीला पूर असेल तेव्हा तराफाही घालू नये. तराफ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे, लहान मुलांनी काठावरूनच नमस्कार करावा.

पुढच्या वर्षी लवकर या, असे आपण गणरायाला विनवितो. त्यांच्या स्वागतास घरातील सर्वजण सुखरूप असावेत, हीच खरी सेवा होय, असे आम्हांस वाटते. मंगलमूर्ती मोरया!