साठीनंतरची मोटारसायकल आणि माहूरची वाट

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. सकाळची गर्दी ओसरल्यावर सर दवाखान्यात आले. सातवीत मला गणित शिकवणारे आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले सर आता ६७ वर्षांचे आहेत. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाले, "अरे डॉक्टर, एवढी एक सही कर. लायसन्सची मुदत संपते आहे. भाऊबीज झाली की आम्ही चौघे मित्र मोटारसायकलींनी माहूरला निघालो."

तो कागद म्हणजे 'नमुना १-अ', वाहन चालवण्यास योग्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र. वयाची चाळिशी ओलांडली की परवान्यासाठी ते लागते, आणि पंचावन्नच्या पुढे परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते. सरांचे बोलणे संपते न संपते तोच माझा फोन वाजला. पुण्याहून त्यांचा मुलगा बोलत होता, "डॉक्टरकाका, बाबा आले असतील. कृपा करून सही करू नका."

एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला काळजीत पडलेला मुलगा. ज्या घरात साठी उलटलेले आणि अजून दुचाकी चालवणारे गृहस्थ आहेत, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. म्हणून हा अनुभव सविस्तर सांगतो.

न तपासता केलेली सही

प्रथम माझी स्वतःची चूक. बारा वर्षांपूर्वी एका परिचित शेतकरी गृहस्थांना मी असेच प्रमाणपत्र दिले होते. दवाखान्यात गर्दी होती, ओळख जुनी होती. 'रातांधळेपणा आहे काय?' या प्रश्नापुढे मी 'नाही' असे लिहिले; त्यांना मात्र विचारले नाही. चार महिन्यांनी तिन्हीसांजेला, एका वळणावर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्याने त्यांचे डोळे दिपले आणि गाडी रस्त्याखाली गेली. खुब्याचे हाड मोडले. ते वाचले, पण त्यानंतर काठीवाचून चालले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे त्या अपघातानंतर कळले. त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि तेच अधिक बोचते.

म्हणून सरांना म्हणालो, "सर, सही करीन. पण आज परीक्षा मी घेणार." सर हसले. "घे. कॉपी करणार नाही."

पंचवीस मीटर आणि तीन मिनिटे

या नमुन्यातील प्रश्न साधे आहेत. लाल व हिरवा रंग ओळखता येतो का? चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? नेहमीचे इशाऱ्याचे आवाज ऐकू येतात का? रातांधळेपणा आहे का? हाता-पायात वाहन चालवण्याच्या आड येणारा दोष आहे का? दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर आम्ही २५ मीटर मोजले. चष्मा लावून सरांनी नंबर बिनचूक वाचला. नंतर मी एकेक डोळा झाकायला सांगितला, तेव्हा उजव्या डोळ्याने आकडे पुसट दिसू लागले. मोतीबिंदूची सुरुवात होती. दिवसा अडचण नव्हती, पण अशा डोळ्यावर रात्री समोरचा दिवा पडला की प्रकाश विखुरतो आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होतो.

दुसरी तपासणी नमुन्यात नाही, पण साठीनंतर ती मी आवर्जून करतो. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर उभे राहताना मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. सरांचा वरचा आकडा १३८ वरून ११४ वर आला. विचारल्यावर म्हणाले, "सकाळी उठताना जरा गरगरते खरे. वयाचे असेल." कारण वय नव्हते. प्रोस्टेटसाठीची गोळी ते सकाळी, रक्तदाबाच्या गोळीबरोबर घेत होते. ती रात्री झोपताना घ्यायला सांगितली आणि पाणी वाढवले. आठ दिवसांनी फरक दहावर आला. वाचकांनी मात्र असे बदल आपल्या मनाने करू नयेत.

गोळ्यांची पिशवीच मागवून घेतली. त्यात सर्दीची एक गोळी आणि झोपेची अर्धी गोळी निघाली. या दोन्हींची गुंगी दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळू शकते. घाटात गाडी लागू नये म्हणून काहीजण उलटीची गोळी घेतात, तीही झोप आणते. चालवणाऱ्याने यांतील काहीही घेऊन हँडल धरू नये.

घरच्यांना आधी कळते

सरांबरोबर काकू आल्या होत्या. त्या आतापर्यंत गप्प होत्या. मी विचारले, "काकू, तुम्हांला काय वाटते?" त्या म्हणाल्या, "दिवसाचे काही नाही. पण संध्याकाळी भाजी आणायला गेले की येईपर्यंत मी फाटकात उभी असते. मागच्या महिन्यात फाटकालाच गाडी घासली." सरांनी मान खाली घातली. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती.

घरच्यांनी लक्ष ठेवावे अशी लक्षणे थोडीच आहेत. गाडीवर नव्याने उमटलेले ओरखडे, ओळखीचे वळण चुकणे, अंधार पडल्यावर बाहेर जाण्याची टाळाटाळ, समोरचे वाहन 'अचानक' आल्याची वारंवार तक्रार, आणि गाडी डबल स्टँडवर घेताना होणारी ओढाताण. यांपैकी एखादे दिसले तर गाडीची किल्ली लपवू नये. नेमके काय दिसले ते शांतपणे सांगावे आणि तपासणीला न्यावे. ज्या पिढीने राजदूत आणि येझदीवर खेडोपाडी नोकरी केली, तिच्यासाठी किल्ली म्हणजे स्वाधीनता असते. ती हिसकावून घेतलेला माणूस घरात खचतो, हेही मी पाहिले आहे.

मुलाला मी फोन केला. म्हणालो, "सही करतो आहे, पण अटींसह. उजेडातच प्रवास, मुक्कामाशिवाय परत यायची घाई नाही, आणि दिवाळीनंतर उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया." क्षणभर थांबून तो म्हणाला, "आणि तुम्ही बरोबर गेलात तर?" अशा रीतीने चाराचे पाच झाले.

उपवास आणि साखर

भाऊबीजेनंतरच्या रविवारी, ऊन अंगावर येऊ लागल्यावर आम्ही यवतमाळहून निघालो. चार गाड्या, पाच माणसे. निवृत्त पोस्टमास्तरांनी गाडी चालवणे सोडले आहे, ते माझ्यामागे बसले. ठरले असे की सर्वांत सावकाश चालवणारा सर्वांत पुढे राहील आणि त्याला कोणी ओलांडायचे नाही. मित्रांच्या टोळीतील पहिला धोका रस्त्याचा नसतो, 'मी मागे पडलो' या भावनेचा असतो. सावकाश माणूस पुढे असला की तो धोका उरत नाही. पाऊणेक तासाने थांबायचे, हेही ठरले होते. सांधे मोकळे होतात, लघवी तुंबत नाही आणि पाणी प्यायले जाते. वाटेत जावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ पाणीच टाळतात. तसे करू नये.

आर्णीला पोह्यांच्या टपरीवर थांबलो. आमच्यातील एकाने प्लेट बाजूला सारली. "रेणुकामातेचे दर्शन होईपर्यंत काही घ्यायचे नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हवा तर गार होती. सकाळची मधुमेहाची गोळी घेतली का, असे विचारले. "ती कशी चुकवणार?" ग्लुकोमीटरवर आकडा आला ६४. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन, पोटात अन्न नसताना साखर धोक्याइतकी उतरवतात. घाम, थरथर, चिडचिड आणि गोंधळ ही तिची चिन्हे आहेत. वळणावर असे झाले तर ब्रेक दाबायचे भानही राहत नाही.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ९२ झाला, मग त्यांना पोहे खायला लावले. साखर पूर्ववत झाली तरी मेंदू सावरायला वेळ लागतो, म्हणून आणखी पाऊण तास बसून राहिलो. कोणी कुरकुर केली नाही. मधुमेही चालकाने निघण्यापूर्वी साखर पाहावी. ७० च्या खाली असेल तर आधी उपचार, ९० च्या खाली असेल तर आधी खाणे, मगच गाडी. उपवास करायचाच असेल तर गोळीविषयी आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारावे. कोणतीही देवी आपल्या लेकराला उपाशीपोटी गोळी घेऊन घाट चढायला सांगत नाही.

वळणाचे गणित

पुढे कोसदनीच्या घाटात सागाच्या जंगलातून रस्ता वळणे घेतो. कापूस वेचणीचे दिवस होते. लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर होते. आमच्याकडे ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय सांजसकाळी कधी आडवी येईल याचा नेम नसतो. चहासाठी थांबलो तेव्हा सरांनीच मातीत काडीने गणित मांडले. ताशी ४० चा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर, ६० चा वेग म्हणजे जवळपास १७ मीटर. "तरुणपणी ब्रेकवर पाय जायला जेवढा वेळ लागे त्याहून आता अर्धा सेकंद जास्त लागतो असे धर. चाळीसला साडेपाच मीटर जास्त, साठला आठ. आपल्या वयाला चाळीस पुरे."

मानेचा प्रश्न निराळा. वळणावर नजर रस्ता जिकडे जातो तिकडे हवी. मानेचे मणके आखडलेले असतील तर डोके वळत नाही आणि माणूस केवळ चाकापुढचे पाहतो. दोन्ही खांद्यांवरून मागे पाहता येत नसेल तर घाटात गाडी चालवू नये. वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणात नव्हे. आपली डावी बाजू सोडू नये. उतारावर खालचा गिअर ठेवावा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत.

मागे बसणाऱ्यांचीही हाडे म्हातारी असतात. गतिरोधकावरून गाडी जोरात उसळली तर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीच्या पाठीचा मणका दबून मोडू शकतो. अशा हिसक्यानंतर पाठ धरली तर 'चमक भरली' म्हणून मालिश करू नये, एक्स-रे काढावा. एका बाजूला पाय सोडून बसणे आणि मोकळा पदर, दोन्ही घातक. हेल्मेट दोघांनाही हवे, आयएसआय चिन्हाचे आणि पट्टा लावलेले. कायदाही तेच सांगतो.

पडल्यानंतर

हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डोक्याला किरकोळ मार लागला, रक्त आले नाही, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. उतारवयात मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश साचतो. दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखणे, चाल अडखळणे किंवा बोलण्यात गोंधळ सुरू झाला, तर घरच्यांनी तो जुना मार आठवून डॉक्टरांना सांगावा. खिशात एक चिठ्ठी असावी. तीवर नाव, रक्तगट, आजार, चालू गोळ्या आणि घरचा क्रमांक लिहावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमीला मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे, म्हणून थांबायला कचरू नये.

गडाच्या पायथ्याशी

धनोड्याला पैनगंगा ओलांडून आम्ही माहूरला पोहोचलो. येथून रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया या स्थानांकडे जाणारा रस्ता चढाचा आणि तीव्र वळणांचा आहे. सरांना येथे अडवावे लागेल, अशी माझी धास्ती होती. शब्दही मनात जुळवून ठेवले होते.

सरांनी गाडी उभी केली, हेल्मेट काढले, दोन्ही मनगटे चोळली आणि वरच्या वळणांकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाले, "चालवता येईल. पण आज नको. जीपने जाऊ." बाकीच्या तिघांनीही मुकाट्याने गाड्या कडेला लावल्या. "सर जीपने तर आपणही जीपने," एवढेच पोस्टमास्तर बोलले. रात्री माहूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजेडात परतलो.

सरांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नंतर व्यवस्थित झाली. संध्याकाळची भाजी आता काकू आणि ते पायी जाऊन आणतात. गाडी दिवसा निघते. पुढच्या खेपेस सही मागायला येतील तेव्हा ते ७२ वर्षांचे असतील. तेव्हा मी पुन्हा २५ मीटर मोजीन. कदाचित 'नाही' म्हणावे लागेल. पण माझ्या आधी ते स्वतःच ते म्हणतील, असे मला आता वाटते.