तंगुसाला ऊन सोसत नाही

आज बोलूया तंगुसाबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून नवा तंगूस आणला. मासेमारी बंद झाली तेव्हा रिळं अंगणातल्या उघड्या मांडवावर राहिली. नारळी पौर्णिमेनंतर गळ टाकला, तर मासा लागला की तंगूस तुटायचा. मासा गेला, गळ गेला, हप्ता मात्र राहिला. आम्हाला वाटलं, दुकानदाराने फसवलं. पण रीळ उलगडत गेलो तर वरचे वेढे पांढुरके, खरखरीत. आतला तंगूस मात्र चांगला! म्हणजे दोष मालाचा नव्हता, आमच्या ठेवण्याचा होता.

उन्हात दोन गोष्टी असतात. एक उष्णता. तापलं की नायलॉन नरम होतं, जास्त ताणतं. गार झालं की बरंचसं पूर्ववत होतं. दुसरी गोष्ट म्हणजे अतिनील किरण. ते नायलॉनचे आतले दुवे तोडतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून रीळ वरून आधी खराब होतं.

थंडीत उलटं. पहाटे तंगूस ताठ होतो, रिळाची वळणं सोडत नाही, गुंता होतो. तो थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने ताणा. नायलॉन पाणी पितं आणि मऊ होतं.

आता दोऱ्यांचे प्रकार. तंगूस म्हणजे नायलॉनची एकच अखंड तार. जाळ्याचा पिळाचा दोराही बहुधा नायलॉनचाच असतो. पण बाजारातली बरीच प्लास्टिकची दोरी पॉलिथिनची असते. ओळखायचं कसं? तुकडा बादलीत बुडवा, बोटाने दाबून हवेचे बुडबुडे काढा आणि सोडा. नायलॉन तळाला जातं, पॉलिथिन वर येतं. पॉलिथिन साधारण १३० अंशांना वितळतं, जाळ्याचं नायलॉन २२० च्या आसपास. म्हणून पॉलिथिनची दोरी चुलीजवळ किंवा गरम इंजिनाजवळ मुळीच ठेवू नका. विणलेला महागडा ब्रेडेड दोराही पॉलिथिनच्याच जातीचा; दिसायला बळकट, पण उष्णतेला कच्चा.

उष्णता गाठीतही असते. कोरडी गाठ झटक्याने आवळली की घासून तंगूस तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. गाठ आधी ओली करा, मग सावकाश आवळा. आपल्या सासवा गाठ तोंडात धरून ओली करायच्या, ती नुसती सवय नव्हती!

आता आमच्या गटाने नियम केला आहे. जाळी आणि तंगूस खाऱ्या पाण्यातून आले की गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे, आणि गोणपाटात गुंडाळून घरात ठेवायचे. पत्र्याला लागून नाही. हंगामाआधी वरचा हातभर तंगूस भिजवायचा, हाताला फडकं गुंडाळून ओढून बघायचा. सहज तुटला तर वरचे वेढे काढून आतला वापरायचा. काढलेले तुकडे खाडीत टाकायचे नाहीत. पक्ष्यांच्या पायात अडकतात.

त्या ताईंचा निम्मा तंगूस असाच वाचला. कर्ज फिटायला दोन महिने उशीर झाला, पण फिटलं. तुमच्याही गटात कुणाचं रीळ उन्हात असेल, तर आजच आत घ्या.