नांगर पुढं की मागं?

मुलांनो, एक गंमत सांगतो. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. मागच्या हिवाळ्यात त्यानं एक फोटो पाठवला. दारात गुडघाभर बर्फ आणि त्यात उभी एक पिकअप गाडी. आपल्याकडे मोसंबीचे क्रेट बाजारात नेतात ना, तसलीच, पण अंगानं दांडगी. तिच्या तोंडापुढं भलंमोठं वाकडं लोखंडी पातं बांधलेलं. मी तो फोटो वर्गात दाखवला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, यांनी नांगर उलटा बसवला का?"

वर्ग खो खो हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या पात्याला तिकडं नांगरच म्हणतात, बर्फाचा नांगर! पातं थोडं तिरकं धरलं की गाडी पुढं जाईल तसा बर्फ एका अंगाला पडत जातो. आपला पलटी नांगर मातीची ढेकळं एका बाजूला उलथतो, तसाच. हिवाळ्यात हीच गाडी रस्ते मोकळे करते आणि उन्हाळ्यात मागं ट्रेलर जोडून सामान ओढते. आपल्या देशात झोजिला खिंडीसारख्या ठिकाणी सीमा रस्ते संघटनेची माणसं बर्फ काढतात, पण तिथं बर्फाच्या भिंतीच उभ्या असतात. पिकअप तिथं काय करणार? तिथं मोठमोठी यंत्रंच लागतात.

आता जालना जिल्ह्यात बर्फ पडत नाही (गारा पडतात, त्या नको तेव्हा!). पण नांगरणारी आणि ओढणारी गाडी मात्र गावोगाव आहे. ती म्हणजे ट्रॅक्टर. आणि यंदा पाडव्याला कोणता ट्रॅक्टर घ्यायचा यावरून आमच्याच घरात महिनाभर वाद चालला होता.

आमची अंबड तालुक्यात नऊ एकर जमीन. तीन एकर मोसंबी, बाकी कापूस, तूर, सोयाबीन. धाकट्या भावाला पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर हवा होता. "दादा, घ्यायचा तर दणकट घ्यावा. पुन्हा पुन्हा घेणार आहोत का?" आबा म्हणायचे, "हप्ते कोण भरणार, तुझा ट्रॅक्टर?" मी शाळेतला माणूस, मधल्यामध्ये अडकलो. सातवीतली पुतणी मात्र वही घेऊन बसली होती. तिच्यासाठी मी जे हिशोब केले, तेच तुम्हाला सांगतो.

हॉर्सपॉवर म्हणजे अश्वशक्ती. एका सेकंदात ७५ किलो वजन १ मीटर उचलायला जेवढी शक्ती लागते, ती झाली एक अश्वशक्ती. दिवसभर चालणारी बैलजोडी साधारण एवढंच काम करते. आता समजा, काळ्या रानात नांगर १००० किलोच्या जोरानं मागं खेचतोय आणि ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर चाललाय. १००० गुणिले सव्वा, भागिले ७५. करा बरं! साधारण १७ आले ना? मग भाऊ पन्नास कशाला मागतो? कारण इंजिनाची सगळी शक्ती नांगरापर्यंत पोचत नाही. काही गिअरमध्ये जाते, काही चाकं जागच्या जागी फिरतात त्यात जाते, आणि मध्येच घट्ट पट्टा लागला तर थोडी शिल्लकही लागते. म्हणून १७चं काम करायला दुप्पट शक्तीचं इंजिन धरावं. म्हणजे पस्तीसच्या आसपास. नांगर मोठा, खोली जास्त, तर आकडाही वाढणार.

पण नुसत्या शक्तीनं भागत नाही. चाकाला माती धरता आली पाहिजे, आणि त्यासाठी वजन हवं, तेही योग्य जागी. इथं मावसभावाची गाडी आणि आपला ट्रॅक्टर बरोब्बर उलटे आहेत बघा. त्याच्या गाडीपुढं जड पातं टांगलं की पुढचं अंग दबतं, मागचं हलकं होतं आणि मागची चाकं बर्फावर नुसती गरगर फिरतात. म्हणून ते लोक मागच्या हौद्यात अगदी शेवटाला वाळूची पोती ठेवतात. आपल्याकडे नांगर मागं. तो उचलला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग फिरवलं तरी तो वळत नाही. म्हणून आपण नाकावर लोखंडी वजनं लावतो. बागेतल्या खाली-वर होणाऱ्या फळीवर बसला असाल, तर हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच तोलानं एके काळी माणसं मारली आहेत. सुरुवातीला ट्रॅक्टरमागं नांगर बैलगाडीसारखा नुसता जोडत. नांगर खडकात अडकला की मागची चाकं फिरतच राहायची आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उभा राहून चालवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं यावर वर्षानुवर्षं डोकं चालवलं. खाली दोन दांडे, वर एक दांडा, अशा तीन ठिकाणी त्यानं नांगर ट्रॅक्टरला जोडला. आता नांगर अडकला की वरचा दांडा, म्हणजे आपली टॉप लिंक, ट्रॅक्टरचं तोंड उलट खाली दाबते. आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकडही वाढते! १९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हातात हात देऊन सौदा ठरवला, आणि १९३९ला ही जोडणी असलेला त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. आज तुमच्या वाडीतल्या ट्रॅक्टरमागं जाऊन बघा, ते तीन दांडे दिसतील. मॅसी फर्ग्युसन हे नाव वाचलंय ना? त्यातला फर्ग्युसन हाच.

म्हणूनच ट्रॉली टॉप लिंकच्या जागी, उंचावर, कधीच जोडू नये. खालच्या हुकालाच जोडायची. उंचावरून ओढ बसली की ट्रॅक्टर पुन्हा घोडा होतो.

ट्रॉलीचं निघालंच आहे, तर माझ्या कोपरावरचा व्रण कसला ते सांगतो. मी सहावीत होतो. चुलत्यांबरोबर उसाच्या ट्रॉलीपुढं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो. उतार आला. डिझेल वाचावं म्हणून चुलत्यांनी गिअर काढला, आणि ट्रॉली आम्हाला ढकलायला लागली. त्यांनी ब्रेक दाबला, पण एकच! ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, एक डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. शेतात जागच्या जागी वळायला ते सोयीचं. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं खटक्यानं एकत्र जोडायची असतात. ती जोडली नव्हती. ट्रॅक्टर गर्रकन फिरला, ट्रॉली आडवी आली आणि मी बाभळीत. काटे काढता काढता आईनं दोन धपाटेही घातले. चुलते वाचले, मीही वाचलो. दर वर्षी उसाच्या दिवसात बातम्या येतात, त्यात सगळेच वाचलेले नसतात.

हे ऐकून पुतणीनं वहीत आकडे मांडले. समजा, ट्रॅक्टर दोन टनांचा. रिकामी ट्रॉली दीड टन, माल पाच टन. म्हणजे मागं साडेसहा टन. मग तिनं विचारलं, "काका, दोन टनांचा ट्रॅक्टर साडेसहा टनांना थांबवणार कसा? ट्रॉलीला ब्रेक असतात का?"

महिनाभर आम्ही तिघं मोठी माणसं बोलत होतो. ओढणार किती, हाच सगळ्यांचा प्रश्न. थांबवणार कसं, हे एकानंही विचारलं नव्हतं. खालच्या गिअरमध्ये हळू चालवला तर पस्तीसचा ट्रॅक्टरही भरली ट्रॉली सपाट रस्त्यानं ओढून नेतो. पण उतारावर इंजिनाच्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. तिथं ब्रेक, ट्रॅक्टरचं वजन आणि गिअर हेच कामाला येतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि मागच्या वजनाला स्वतःचे ब्रेक हवेत. मावसभावाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडे जड ट्रेलरला ब्रेक असतातच." आपल्या गावातल्या बहुतेक ट्रॉल्यांना, जाऊन बघा, नसतात.

दुकानदारानं अर्थातच पन्नासचाच ट्रॅक्टर दाखवला. भाऊ त्यावर चढून बसला, खाली उतरेना! पण आबांनी हातातल्या काठीनं त्याची रुंदी मापली आणि म्हणाले, "मोसंबीत घातला तर फांद्या राहतील का?" बागेत खाली वाकलेल्या फांद्या असतात आणि मुळंही वरच असतात. तिथं खोल नांगर चालतच नाही, फवारणी आणि हलकी मशागत एवढंच काम. पावसाळ्यात काळी माती ओली असताना जड चाकं फिरली, तर ती दाबून विटेसारखी होते, हे वेगळंच. राहिली खोल नांगरट. ती आम्ही वर्षातून एकदा, उन्हाळ्यात करतो. दोन-तीन दिवसांच्या कामासाठी वर्षभर हप्ते भरायचे का?

शेवटी पस्तीस हॉर्सपॉवरचा, थोडा अरुंद ट्रॅक्टर घेतला. खोल नांगरट शेजाऱ्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरनं, एकराच्या भावानं. भाऊ आठ दिवस रुसला होता. मला विचाराल, तर त्याचं अगदीच चुकलं असंही नाही. पंचवीस एकर असते आणि दुसऱ्यांची नांगरट करून चार पैसे मिळवायचे असते, तर मीसुद्धा पन्नासचाच घ्या म्हटलं असतं.

वाचलेल्या पैशांतून ब्रेकवाली ट्रॉली सांगितली. ट्रॉली बनवणारा म्हणाला, "गुरुजी, असं कोणी मागत नाही हो." वेळ लागला, पण आता ट्रॉली दारात आहे. आंबे बहाराची मोसंबी तिच्यातूनच जालन्याला जाईल. मडगार्डवर कोणाला बसू देत नाही म्हणून पोरं माझ्यावर नाराज आहेत. आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागण्याआधी पुतणी ओसरीवरून ओरडते, "पप्पा, पेडल!" भाऊ काही बोलत नाही. खाली वाकतो, खटका लावतो आणि मगच ट्रॅक्टर फाटकाबाहेर काढतो.